हवेत जाण्याआधीची हवा

घरी बांधलेल्या विमानाविषयी मराठी माणसांत जी चर्चा होते तिचे विषय साधारणपणे ठरलेले असतात: पंखांचा आकार, इंजिनाची ताकद, सरकारी परवानगी आणि घरच्या मंडळींचे म्हणणे. या चारांपैकी शेवटच्या दोहोंवर बांधणाऱ्याचा कसलाच ताबा चालत नसल्यामुळे तो पहिल्या दोहोंवर अधिकच जीव लावतो, आणि परिणामी विमानाचा जो भाग जमिनीला प्रत्यक्ष टेकतो त्या टायरचा विचार खरेदीच्या यादीत अगदी शेवटी, रंगाच्या डब्यानंतर आणि उद्घाटनाच्या नारळाच्या थोडा आधी, केला जातो. हे टायरवर अन्याय करणारे आहे, आणि विमान मुंबईच्या उपनगरात बांधले जात असेल तर धोक्याचेही आहे, कारण तेथील विमानाच्या आयुष्यात उडण्याचा काळ थोडा आणि उभे राहण्याचा काळ फार असतो, आणि उभे राहणे हे सर्वस्वी टायरचे काम आहे.

घरी बांधलेले विमान म्हणजे कारखान्यातून न येता एखाद्या हौशी माणसाने स्वतःच्या हातांनी, बहुधा स्वतःच्या राहत्या जागेत, जुळवलेले विमान. अमेरिकेत अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्याने शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी स्वतः केलेले असावे लागते, आणि या अटीला तेथे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. टायर मात्र सर्वत्र उरलेल्या ४९ टक्क्यांतच मोडतो, कारण विमान घरी बांधण्याइतके वेड ज्याच्या अंगी असते त्यालाही टायर घरी करण्याची छाती होत नाही.

इतिहासानेही या वस्तूची आबाळच केलेली दिसते. राइट बंधू हे धंद्याने सायकली विकणारे, बनवणारे आणि दुरुस्त करणारे होते, म्हणजे चाक, ट्यूब आणि हवा यांविषयी त्यांच्याइतका जाणकार त्या काळी विमानाच्या खटपटीत दुसरा क्वचितच असेल; तरीही १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या त्यांच्या विमानाला चाकेच नव्हती. ते साठ फुटी रुळावर, सायकलच्या हबांवर फिरणाऱ्या एका छोट्या गाड्यावर ठेवून सोडण्यात आले, आणि उतरताना पोटाखालच्या लाकडी पट्ट्यांवर घसरत थांबले. अनेक वर्षे इतरांच्या सायकली दुरुस्त केल्यावर माणूस स्वतःसाठी यंत्र बनवायला बसला की टायर आधी वगळतो, हे त्या धंद्यातील कोणालाही समजण्यासारखे आहे. मुंबईपुरते पाहिले तर शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची जी कथा सांगितली जाते, तिला समकालीन भक्कम पुरावा नाही. पण तिच्यावर वाद घालणारे दोन्ही पक्ष तिच्यातील पाऱ्याच्या इंजिनावरच थांबतात, आणि चौपाटीच्या वाळूतून ते विमान कोणत्या चाकांवर धावले असेल ही साधी चौकशी करण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही.

पुराव्यासह सांगता येईल असे उदाहरण त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी कांदिवलीला घडले. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने चारकोपमधील आपल्या राहत्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. त्यासाठी लागणारी यंत्रे आणि इंजिन अरुंद जिन्याने वर चढवावे लागले, आणि तयार झालेले विमान मात्र सुटे करून खाली उतरवावे लागले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांसमोर आले, नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात त्याची नोंदणी होऊन त्याला व्हीटी-एनएमडी हे नाव मिळाले, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना हाती आला आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीची उड्डाणे झाली. या कारकिर्दीतील जिद्द, कारागिरी आणि कागदपत्रे यांचे कौतुक पुष्कळांनी केलेले आहे. टायरच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र तारखांमधल्या अंतरावर जाते. प्रदर्शनापासून परवान्यापर्यंत साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला, आणि एवढ्या अवधीत कोणत्याही विमानाचा टायर एकदाही धावपट्टीला न टेकता, केवळ उभा राहून, वयात येऊन उतरणीला लागू शकतो. विमानाच्या टायरसंबंधीची परदेशी पुस्तके त्याचे आयुष्य उतरण्याच्या संख्येत मोजतात. आपल्याकडे ते फायलीच्या प्रवासात मोजणे अधिक सोयीचे ठरते.

कांदिवलीहून धिम्या लोकलने चौथे स्थानक जोगेश्वरी, आणि टायरविषयीच्या लोकविद्येत ही वस्ती उपनगरात कोणाला हार जाणारी नाही. पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि तेथून विक्रोळीकडे निघणारा जोडरस्ता, पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्ग आणि त्यापलीकडे ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचराचा बाजार अशा रचनेमुळे येथील माणसाला ट्रकपासून हातगाडीपर्यंत प्रत्येक चाकाचा सहवास घडतो, आणि पावसाळ्यातील खड्डे त्या सहवासाचे रूपांतर जिव्हाळ्यात करतात. एखाद्या जोगेश्वरीकराने आपल्या इमारतीच्या गच्चीवर दोन आसनांचे विमान बांधायला घेतले, असे गृहीत धरले, तर पंखांचा आकार त्याला कोणी सांगणार नाही. परंतु टायरविषयी त्याला रिक्षावाला, दूधवाला, पंक्चरवाला आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ असे चार सल्लागार विनामूल्य आणि आपसांत मतभेद असलेले मिळतील.

या चौघांची विद्या अगदीच वाया जाणारी नाही, हे मापांवरून दिसते. हलक्या विमानाच्या टायरवर ५.००-५ किंवा ६.००-६ असे आकडे छापलेले असतात. त्यांतील पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा रिमचा, म्हणजे टायर ज्या धातूच्या कड्यावर बसतो त्याचा, व्यास इंचांत सांगतो. चेतक स्कूटरच्या टायरवर ३.५०-१० असे जे लिहिलेले असे त्याची लिपी हीच होती, त्यामुळे ज्याच्या घरी एकेकाळी चेतक होती त्याला विमानाचा टायर वाचता येतो. सेसना १७२ या जगभर चालणाऱ्या चार आसनी विमानाला पुढे ५.००-५ आणि मागे दोन ६.००-६ असे टायर असतात. त्यांतील मोठ्याचा बाहेरचा व्यास सुमारे साडेसतरा इंच भरतो, म्हणजे चार माणसे आणि इंधन घेऊन उतरणारे विमान ज्या चाकांवर उतरते ती स्कूटरच्या चाकाहून उंचीने फारशी वेगळी नसतात. हे ऐकल्यावर निवृत्त गृहस्थ पुन्हा विमानाने प्रवास करण्याचा बेत रद्द करण्याची शक्यता आहे. त्यांच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर तर त्यांना आणखीच अस्वस्थ करील: विमानात स्टेपनी नसते.

मापे जुळतात म्हटल्यावर स्कूटरचाच टायर का लावू नये, हा प्रश्न पंक्चरवाला विचारतो, आणि तो मूर्खपणाचा नाही. अगदी हलकी, एका माणसाची यंत्रे बांधणाऱ्या परदेशी हौशी लोकांनी छोट्या शर्यतीच्या गाड्यांची आणि हातगाड्यांची चाकेही वापरलेली आहेत. पण वजन वाढू लागले की दोन्ही टायरांचा स्वभाव निराळा पडतो. रस्त्यावरच्या टायरला तासन्‌तास धावायचे असते आणि त्याची उष्णता बेताची राहावी म्हणून तो वजनाखाली थोडाच, साधारण १७ टक्के, दबेल अशा बेताने घडवलेला असतो. विमानाच्या टायरला थोडाच वेळ धावायचे असते, परंतु तेवढ्यात फार मोठे वजन आणि आदळणे सोसायचे असते, म्हणून तो ३२ टक्क्यांच्या आसपास दबेल असा घडवतात. या दबण्याने त्याच्या कडांना प्रत्येक फेऱ्यात वाकावे लागते आणि आतून तो तापतो, त्यामुळे विमानाचा टायर जमिनीवरून लांबवर आणि वेगाने पळवणे हे उतरण्यापेक्षाही त्याला जड जाऊ शकते. तात्पर्य, धावपट्टी मिळत नाही म्हणून विमान जोडरस्त्याने विक्रोळीपर्यंत चालवून आणण्याची सूचना कोणी केली, तर ती केवळ वाहतूक पोलिसांसाठी नव्हे, टायरसाठीही फेटाळावी.

उतरण्याच्या क्षणी टायरवर काय गुजरते हे समजायला जोगेश्वरीकराला भौतिकशास्त्राच्या पुस्तकाची गरज नाही. धावती लोकल फलाटाला लागत असताना दारातून उतरणाऱ्या प्रवाशाचे शरीर गाडीच्या वेगात असते आणि पाय एकदम स्थिर फलाटावर पडतात, त्यामुळे त्याला क्षणात तेवढ्याच वेगाने धावू लागावे लागते, नाहीतर चपला तरी जातात किंवा तो तरी जातो; हवेत न फिरणारे चाक धावपट्टीला लागते तेव्हा त्याच्यावर नेमका हाच प्रसंग येतो. ताशी शंभर किलोमीटरने उतरणाऱ्या विमानाचे ६.००-६ चे चाक शून्यापासून निघून क्षणार्धात सेकंदाला सुमारे वीस फेरे घेऊ लागते, आणि तोवर ते जे घासते त्याचा धूर होतो व रबराच्या काळ्या खुणा धावपट्टीवर राहतात. मोठ्या विमानांच्या बाबतीत हा धूर दुरूनही दिसतो आणि तो पाहणाऱ्याला काहीतरी पेटल्याची शंका येते. वास्तविक तेथे फक्त एक टायर चपला सांभाळत असतो.

नक्षीचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. मोटारीच्या टायरवर ठोकळ्यांची गुंतागुंतीची नक्षी असते, कारण इंजिनाला त्या चाकाकरवी रस्ता मागे ढकलायचा असतो. विमानाला पुढे ओढण्याचे काम पंखा करतो आणि चाके नुसती फिरतात, म्हणून त्यांच्यावर परिघाला समांतर अशा सरळ खाचा पुरतात, ज्यांतून पावसाचे पाणी निसटते. या खाचांचा तळ कोठेही रबराशी एकरूप झाला की टायर बदलायचा, असा नियम आहे. रिक्षावाल्याच्या मते मात्र असा टायर आता कोठे रुळलेला असतो.

आकड्यांपाठोपाठ येणारी संज्ञा प्लाय रेटिंग ही आहे. टायरच्या रबरात नायलॉनच्या दोऱ्यांचे थर तिरपे घातलेले असतात आणि पूर्वी या थरांची संख्याच टायरवर छापत. आता दोरे बळकट झाल्यामुळे ४, ६, ८ हे आकडे थर न सांगता केवळ ताकदीची पायरी सांगतात. येथे घरगुती बांधणाऱ्याच्या मनात जास्तीचा आकडा घेण्याचा मोह उत्पन्न होतो. जास्तीच्या टायरला वजन जास्त, कडा ताठ आणि किंमत चढी असते, आणि हलक्या विमानाखाली तो पुरेसा दबतच नाही, त्यामुळे उतरतानाचा धक्का वैमानिकाच्या पाठीच्या कण्यापर्यंत विनाअडथळा पोहोचतो. दुसरा मोह मोठ्या टायरचा. अलास्कात नदीकाठच्या गोट्यांवर उतरणाऱ्या वैमानिकांनी फुगीर, गुडघ्यापर्यंत येणारे टायर रूढ केले आणि त्यांची छायाचित्रे पाहून जगातील सपाट प्रदेशांतल्या लोकांनाही ते हवेसे झाले. महाराष्ट्रात हलक्या विमानाला मिळू शकणाऱ्या जुहू, धुळे, बारामती, कऱ्हाड येथील धावपट्ट्या पक्क्या आहेत आणि तेथे असा टायर हवेचा रोध वाढवून वेग खाण्यापलीकडे काही करत नाही; पण जोगेश्वरीशेजारच्या लोखंडवाला संकुलात ज्या गाड्यांना सर्वांत अवघड चढण म्हणून गतिरोधक भेटतो त्यांचे टायर पाहिले, म्हणजे हा मोह विमानापुरता नाही हे ध्यानात येते. रोध कमी करण्यासाठी चाकांवर जी प्रवाही आवरणे बसवतात त्यांत आणि टायरमध्ये बोटभर तरी मोकळी जागा ठेवावी लागते, कारण नायलॉनचा टायर वापरात थोडा वाढतो आणि जागा नसली तर स्वतःचे आवरण आतून कापू लागतो.

बसवणी हा सगळ्या विषयातील खरा रसाळ भाग आहे, आणि येथे पंक्चरवाल्याला पुन्हा मान द्यावा लागतो. मोटारीचा टायर लोखंडी पट्ट्यांनी उचकटून रिमवर चढवतात. विमानाचा टायर इतका ताठ आणि रिम इतकी लहान असते की ते जमत नाही, म्हणून रिमच दोन अर्ध्या भागांची करून ती टायरच्या दोन्ही बाजूंनी घालतात आणि मधून बोल्टांनी आवळतात. चेतकची रिम अशीच दोन भागांची असल्यामुळे जुन्या पंक्चरवाल्याला ही रचना दाखवली तर तो विमान पाहून नव्हे, पण रिम पाहून गहिवरतो. त्याला जे माहीत असते तेच विमानाचे माहितीपत्रक मोठ्या अक्षरांत सांगते: हवा पूर्ण काढल्याशिवाय हे बोल्ट सैल करू नयेत, कारण आतील दाब दोन्ही अर्धकांना बंदुकीतून सुटल्याप्रमाणे भिरकावतो. सावध माणसे तर चाक आसावरून काढण्याआधीच व्हॉल्व्ह उघडून हवा सोडतात, कारण बोल्टांपैकी एखादा आधीच तुटलेला असला तर ते बाहेरून कळत नाही.

ट्यूब घालण्याआधी तिच्यावर आणि टायरच्या आत शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी लागते, म्हणजे ट्यूब आत सरकून नीट बसते आणि चिमटत नाही. फार घातली तर ती एका ठिकाणी गोळा होते, एवढे लक्षात ठेवले की पुरे. टायरच्या कडेवर एक लाल ठिपका असतो आणि तो टायरची सर्वांत हलकी बाजू दाखवतो. ट्यूबच्या जड बाजूवर रंगीत रेघ असेल तर ठिपका त्या रेघेशी, आणि रेघ नसेल तर व्हॉल्व्हशी जुळवायचा, म्हणजे हलके आणि जड एकमेकांना सावरतात आणि पुढचे चाक वेगात थरथरत नाही. नंतर थोडी हवा भरायची, ती सोडून द्यायची आणि पुन्हा भरायची, म्हणजे ट्यूबला पडलेली सुरकुती निघते. ही पायरी गाळण्याकडे सर्वांचा कल असतो, कारण भरलेली हवा सोडून देणे मुंबईकराच्या काटकसरी मनाला पटत नाही. बोल्ट आवळण्यासाठी टॉर्क पाना वापरावा लागतो, म्हणजे ठरवलेला ताण आला की ‘टक्’ असा आवाज करून थांबायला सांगणारा पाना. ‘अजून एक अर्धा फेरा मारू का’ हा प्रश्न ज्या देशात प्रत्येक कारागीर विचारतो, तेथे या पान्याला नुसते हत्यार न मानता सक्तीचे शिक्षण मानले पाहिजे.

शेवटी टायरच्या कडेवरून रिमवर उतरणारा एक लाल रंगाचा पट्टा ओढतात. ब्रेक जोरात दाबले असता रिम थांबते आणि टायर तिच्यावर किंचित घसरतो. टायरबरोबर ट्यूबही सरकते, पण तिचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असल्यामुळे तो मुळापासून कापला जाऊ शकतो. पट्टा तुटून त्याचे दोन तुकडे वेगळ्या जागी दिसू लागले की टायर घसरला असे समजायचे. गच्चीवर कोणाच्या तरी मुलाने हा पट्टा उरलेल्या रंगाने पुढे वाढवला तर मात्र तपासणी नव्याने करावी लागते.

हवेविषयी प्रत्येक मुंबईकराचे मत असते आणि ते पौंडांत असते. मोटारीला तीस-बत्तीस पौंड, म्हणजे दर चौरस इंचावर तितका दाब, हे सर्वांना ठाऊक असते; सेसना १७२ च्या मुख्य चाकांतही जवळपास तेवढाच, एकोणतीस पौंडांच्या आसपास, दाब असतो हे कळल्यावर चारही सल्लागारांचा आत्मविश्वास दुणावतो. मोठ्या प्रवासी विमानांत हा दाब दोनशे पौंडांच्या घरात जातो आणि तेथे हवेऐवजी नायट्रोजन भरतात, कारण ब्रेक अतिशय तापले असता साध्या हवेतील प्राणवायू रबराच्या वाफांना पेटवू शकतो. पेट्रोल पंपावर मोटारीसाठी पैसे घेऊन मिळणारा नायट्रोजन याच प्रतिष्ठेवर खपतो; फुकटच्या हवेत तो मुळातच ७८ टक्के असतो ही गोष्ट तेथील फलकावर लिहिलेली नसते. घरगुती विमानाला साधी, कोरडी हवा चालते, फक्त ती नियमाने मोजावी लागते, आणि तीही टायर गार असताना, म्हणजे उड्डाणानंतर किमान दोन-तीन तासांनी. तापमान तीन अंशांनी बदलले की दाब साधारण एक टक्का बदलतो, त्यामुळे दुपारी उन्हात मोजलेले तीस पौंड पहाटे एकोणतीसच्या खाली उतरलेले दिसतात आणि बांधणारा उगाच शेजाऱ्यांकडे संशयाने पाहू लागतो. नवा टायर तर पहिल्या दिवसात आपणहून ताणला जातो आणि आतला दाब पडतो. म्हणून बसवल्यानंतर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा मोजणे आवश्यक असते. व्हॉल्व्हवरचे टोपण ही शोभेची वस्तू नसून हवेचा दुसरा पहारेकरी आहे, आणि स्कूटरचा असो वा विमानाचा, ते पहिल्या आठवड्यात हरवते.

हवा कमी असण्याचे दुष्परिणाम कोकणपट्टीच्या पावसात आणखी वाढतात. धावपट्टीवर साचलेल्या पाण्यावर ठरावीक वेगाच्या पुढे टायर तरंगू लागतो, मग ब्रेक लागत नाहीत आणि विमान पाण्यावरून घसरत जाते. हा वेग काढण्याची जी रूढ रीत आहे तीनुसार टायरमधील पौंडांचे वर्गमूळ काढून त्याला नऊने गुणले की उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटरच्या एककात, मिळते. तीस पौंडांना ते सुमारे ४९ नॉट, म्हणजे ताशी ९१ किलोमीटर येते, आणि आळसाने पंचवीसच पौंड ठेवले तर ४५ नॉट, म्हणजे ८३ किलोमीटर. हलके विमान याच सुमाराच्या वेगांत उतरत असल्यामुळे जुलै महिन्यात उतरणाऱ्याला वर्गमूळ यावे लागते. जुन्या लोकांनी हे गणित फार सोप्या पद्धतीने सोडवले होते. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पावसाळा संपल्यावर. पुढे पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई तेव्हा टाटांची विमानसेवा पुण्याला मुक्काम हलवी. पाऊस आला की पुण्याला जावे, हा मुंबईकराचा शहाणपणा त्या काळी टायरच्या हिताचा होता. आता द्रुतगती मार्गावरची गर्दी पाहता त्याचे टायरला फारसे भले होत असेल असे वाटत नाही.

एवढी सगळी काळजी उडणाऱ्या विमानाची झाली. जोगेश्वरीच्या गच्चीवरचे विमान बहुतांश काळ उभे असते, आणि उभे राहण्याचा रबरावर जो परिणाम होतो त्याची दखल कमी घेतली जाते. नायलॉनच्या दोऱ्यांना एका जागी भार सोसण्याची सवय लागते, टायरच्या तळाशी चपटा भाग तयार होतो आणि विमान हलवले की चाक प्रत्येक फेऱ्यात एक ठेच खाते. काही वेळ फिरवल्यावर तो भाग बहुधा पुन्हा गोल होतो, परंतु महिनोन्‌महिने उभे राहिल्यास होईलच असे नाही. म्हणून एक तर विमान दर थोड्या दिवसांनी पाव फेरा पुढे ढकलावे किंवा ते टेकूंवर उचलून चाके अधांतरी ठेवावीत. गच्चीवर पाव फेरा पुढे ढकलत राहिल्यास एक दिवस गच्ची संपते, हे लक्षात घेऊन सुज्ञ बांधणारा एक आठवडा पुढे आणि एक आठवडा मागे अशी आवर्तने ठेवतो.

उन्हाचे आणि ओझोनचे प्रकरण याहून मजेदार आहे. ओझोन हा प्राणवायूचाच एक तिखट प्रकार असून तो ताणलेल्या रबरात बारीक भेगा पाडतो, आणि विजेच्या मोटारी व वेल्डिंगच्या ठिणग्या यांच्या आसपास तो तयार होतो. म्हणजे बांधणारा रात्र-रात्र जागून विमानाचा सांगाडा जोडतो तेव्हा त्याच ठिणग्यांचा ओझोन शेजारी उभ्या टायरला म्हातारा करत असतो. यावर उपाय असा की टायर आणून लावण्याची घाई करू नये. ते गार, अंधाऱ्या, कोरड्या जागी उभे ठेवावेत, आणि बांधणी पूर्ण होईपर्यंत विमान जुन्या, टाकाऊ चाकांवर उभे करावे. गार, अंधारी आणि कोरडी अशी जागा जोगेश्वरीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकच मिळते, ती म्हणजे बेडरूममधील पलंगाखालची, आणि तेथील ताबा कोणाकडे आहे हे ज्याने त्याने जाणून असावे. इंजिनाचे तेल, पेट्रोल आणि रंगाचे थिनर यांचाही रबराला त्रास होतो. थेंब पडल्यास साबणाच्या पाण्याने धुवावे आणि टायर चमकावण्याचे बाजारी पॉलिश लावण्याचा विचार मनातून काढून टाकावा, कारण चमकणारा टायर फक्त उद्घाटनाच्या छायाचित्रात उपयोगी पडतो.

परवाना येण्याच्या दिवशी टायरवरच्या भेगांतून आतले दोरे दिसत असतील, तर त्याच्या खाचा कितीही खोल आणि कोऱ्या असल्या तरी तो बाद धरावा लागतो. नवे टायर मागवावे लागतात, ते येईपर्यंत महासंचालनालयाचा एखादा कागद मुदतबाह्य होतो, तो नवा होईपर्यंत टायर पुन्हा उभे राहतात, आणि हे चक्र, त्या विमानातील एकमेव अखंड फिरणारे चक्र म्हणून, चालू राहते.

उरतो तो सोसायटीचा प्रश्न. गच्चीवरून उतरवलेले विमान धुळ्याला नेण्यापूर्वी काही दिवस इमारतीच्या आवारात ठेवावे लागते, आणि अशा वेळी वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे विषय येतो की त्याचा पार्किंगचा दर काय धरावा. बहुतेक सोसायट्यांत दुचाकीचा एक आणि चारचाकीचा एक असे दोनच दर ठरलेले असतात. विमानाला चाके तीन असल्यामुळे ते दोन्हींत बसत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ सूचना मांडतात की तीनचाकी वाहनाला, म्हणजे रिक्षाला, आवारात उभे राहण्यास मनाई करणारा जो ठराव पूर्वीच मंजूर झालेला आहे तोच या वाहनासही लागू करावा. ठराव बहुमताने मंजूर होतो आणि खजिनदार विमानाच्या मालकाच्या नावावर दंडाची पहिली नोंद करतात.